पेन्सिलीच्या नोंदी

मँचेस्टरच्या एका उपनगरात माझी मुलगी राहते. २०१९ च्या उन्हाळ्यात चार महिने आम्ही उभयता तिच्याकडे होतो. शेजारच्या घरात सत्तरी ओलांडलेल्या एक बाई एकट्याच राहत. घर विकून लहान फ्लॅटमध्ये जायची त्यांची तयारी चालली होती. रोज सामानाची आवराआवर चाले आणि काही ना काही उचलायला माझी हाक येई. एका दुपारी त्यांनी मला स्वयंपाकघराच्या दाराशी पडलेली एक लोखंडी वस्तू दाखवली. बुटाच्या तळव्याच्या आकाराची, पुढं थोडी वर वळलेली, खालून घासून घासून गुळगुळीत झालेली आणि वर कातड्याच्या पट्ट्याचा एक वाळका तुकडा. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून ती वस्तू त्यांच्या लहानपणापासून तिथं टेकवून ठेवलेली होती. ‘भंगारात देऊ की ठेवू?’ असं त्यांनी मला विचारलं. सगळी नोकरी बँकेत काढलेल्या माणसाला लोखंडातलं काय कळणार? मी म्हणालो, ‘एवढी वर्षं तिनं दार सांभाळलंय, राहू द्या.’

दोन दिवसांनी जुनं कपाट विकत घ्यायला एक म्हातारा आला. त्यानं कपाटाकडं पाहिलंच नाही. ती वस्तू उचलून, उलटीसुलटी करून तो म्हणाला, ‘हा स्पीडवेचा बूट. तुमच्या घरात स्वार कोण होतं?’

बाई हसल्या. त्यांचे वडील बसच्या डेपोत मेकॅनिक होते. १९७९ साली ते गेले. त्यांना मोटारसायकलवर बसलेलं बाईंनी जन्मात कधी पाहिलं नव्हतं. उलट धाकट्या भावानं अठराव्या वर्षी मोटारसायकल घ्यायचं काढलं तेव्हा वडिलांनी साफ नकार दिला होता आणि बापलेकांत महिनाभर अबोला होता. हे सांगता सांगता बाई एकदम थांबल्या. आई एकदा कशावरून तरी बोलून गेली होती, ‘तुझ्या जन्माआधी त्याला एक मूर्खपणाचा नाद होता.’ कसला नाद, हे तेव्हा कुणी विचारलं नाही. आता विचारायला कुणी राहिलं नव्हतं.

तिथून आमच्या शोधाला सुरुवात झाली. ‘आमच्या’ म्हणतो याचं कारण, रिकामटेकडा निवृत्त माणूस आणि जुन्या नोंदी यांची गाठ पडली की तो बाजूला होत नाही. पण शोधाची हकीकत सांगण्याआधी स्पीडवे म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवं, कारण आपल्याकडं हा खेळ रुजला नाही.

लंबवर्तुळाकार मैदान. त्यावर पूर्वी जळक्या कोळशाची खर पसरलेली असे. चार स्वार, चार फेऱ्या, आणि सगळा कारभार साधारण मिनिटभरात संपतो. मोटारसायकल पाचशे सीसीची. आपल्या रस्त्यांवरची ओळखीची बुलेट साडेतीनशे सीसीची असते, हे लक्षात घेतलं म्हणजे अंदाज येईल. या पाचशे सीसीच्या गाडीला गिअर एकच आणि ब्रेक मुळीच नाही. इंधन मिथेनॉल. सगळी वळणं डावीकडं. वळणावर स्वार मागचं चाक मुद्दाम बाहेरच्या बाजूला घसरू देतो, पुढचं चाक उजवीकडं वळवतो आणि डावा पाय जमिनीवर घासत तोल सांभाळतो. जमिनीवर घासणाऱ्या त्या पायाच्या बुटाखाली लोखंडी तळवा बांधलेला असतो. बाईंच्या दाराशी होता तो हाच. पहिला आला त्याला तीन गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक, चौथ्याला शून्य. संघाचे सामने असतात आणि स्वाराला मैदानात उतरण्याचे आणि मिळवलेल्या गुणांचे असे पैसे मिळतात. थोडक्यात, पगार नाही. जेवढ्या शर्यती आणि जेवढे गुण, तेवढा रोख मोबदला.

या खेळाचा जनक कोण, यावर वाद आहेत. ऑस्ट्रेलियातल्या वेस्ट मेटलंड गावच्या कृषी मंडळाचे सचिव जॉनी हॉस्किन्स यांनी डिसेंबर १९२३ मध्ये तिथल्या प्रदर्शनाच्या मैदानावर दिव्यांच्या उजेडात अशा शर्यती भरवल्या, इथून सर्वसाधारणपणे गोष्ट सुरू होते. ब्रिटनमधली सुरुवात बहुतेक जण १९ फेब्रुवारी १९२८ ही मानतात. त्या दिवशी लंडनजवळच्या एपिंगच्या जंगलात, हाय बीच इथं एका पबच्या मागच्या मैदानावर शर्यती झाल्या आणि संयोजकांनी धरलेल्या अंदाजाच्या कितीतरी पट माणसं लोटली. पुढच्या दोन वर्षांत गावोगाव मैदानं उभी राहिली. १९३६ साली वेम्बलीवर पहिली जागतिक अंतिम स्पर्धा झाली, तेव्हा सत्तर हजारांवर प्रेक्षक होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तर या खेळाला भरती आली. युद्धातून परतलेली, इंजिनाशी खेळायची सवय झालेली पोरं होती. शनिवारी संध्याकाळी बायकामुलांना घेऊन जावं अशी करमणूक दुसरी फारशी नव्हती. राष्ट्रीय लीगला १९४७ पासून तिसरी श्रेणीही जोडली गेली आणि लहान लहान गावांचे संघ त्यात खेळू लागले. मग ओहोटी लागली. करमणूक कराचा बोजा फुटबॉल आणि क्रिकेटपेक्षा या खेळावर पुष्कळ जड होता. घरोघरी टेलिव्हिजन आला. एकेक मैदान बंद पडू लागलं. वेम्बलीचा नामांकित संघही १९५७ साली मिटला.

बायकाही या खेळात होत्या, हे मला नवीन होतं. आयर्लंडच्या फे टेलर या बाईंनी सुरुवातीच्या वर्षांत भल्याभल्या पुरुष स्वारांना मागं टाकलं होतं. १९३० साली ब्रिटनमध्ये स्त्रियांना या शर्यतींतून बंदी झाली. म्हणजे कुणाच्या घरी आजीच्या ट्रंकेतही असा लोखंडी तळवा निघू शकतो. तो कशाचा हे नातवंडांना कळलं नाही तर तो बिचारा भंगारात जाणार.

आमच्या शोधाचा पहिला टप्पा म्हणजे शर्यत पाहणं. मँचेस्टरचा बेल व्ह्यू हा संघ या खेळातल्या जुन्या संघांपैकी एक. त्याचं हाइड रोडवरचं मूळ मैदान १९८७ साली बंद झालं. २०१६ साली त्याच भागात या खेळासाठी नवं स्टेडियम उभं राहिलं. तिथं आम्ही तिघं गेलो. शर्यत सुरू होण्याआधीच मला एक ओळखीचा वास आला. जळक्या एरंडेलाचा! लहानपणी रविवारी सकाळी आई चमचा घेऊन मागं धावायची, त्याच एरंडेलाचं वंगण या इंजिनांत परंपरेनं वापरतात. आमच्या हिला हे सांगितलं तर ती पदर नाकाला लावून म्हणाली, ‘त्या वासानं माणूस इतकं जोरात पळणारच.’ पण शेजारच्या बाई गप्प होत्या. काही वेळानं म्हणाल्या, ‘बाबांच्या कोटाला हा वास यायचा. मला वाटायचं, डेपोतला असेल.’

आमच्या पुढच्या रांगेत एक म्हातारं जोडपं बसलं होतं. त्यांच्या मांडीवर कार्यक्रमाची छापील पुस्तिका आणि हातात पेन. प्रत्येक शर्यतीनंतर आजोबा चारही नावांपुढं आकडे लिहीत, वेळ लिहीत, संघांची बेरीज करीत आणि आजीबाई ती तपासून पाहत. हे पाहून माझ्यातला जुना बँकवाला जागा झाला. मी त्यांच्याशी बोलू लागलो. तेव्हा कळलं की ही या खेळाची फार जुनी रीत आहे. पुस्तिकेत प्रत्येक शर्यतीतल्या स्वारांची नावं आधी छापलेली असतात आणि निकालासाठी मोकळे रकाने असतात. ते रकाने प्रेक्षकानं भरायचे. ऐन वेळी कुणी जायबंदी झाला, त्याच्या जागी दुसरा आला, तर छापील नावावर काट मारून वर नवं नाव लिहायचं. पडला तर एक खूण, इंजिन बंद पडलं तर दुसरी, पंचांनी बाद ठरवला तर तिसरी. अशा भरलेल्या पुस्तिका लोकांनी वर्षानुवर्षं माळ्यावर जपून ठेवल्या. त्या आता संग्राहकांकडं सापडतात. आजोबा म्हणाले, ‘छापलेलं असतं ते ठरलेलं. लिहिलेलं असतं ते घडलेलं.’

हे वाक्य मी त्या रात्री वहीत टिपून ठेवलं. मी नोकरीला लागलो तेव्हा बँकेत सगळं हातानं चाले. लेजर, डे-बुक, व्हाउचर, आणि दिवसाअखेर प्रत्येक नोंदीसमोर टिक. छापील अर्ज काहीही म्हणो, काउंटरवरून पैसे गेले की नाही हे टिकेवरून कळायचं. इथंही हिशेबाचं तत्त्व तेच होतं. फरक एवढाच, की आम्ही ते पगारासाठी करीत होतो आणि ही माणसं केवळ आवडीपोटी करीत होती.

दुसरा टप्पा म्हणजे नाव शोधणं. ते वाटतं तितकं सोपं नाही. या खेळात टोपणनावांचा सुळसुळाट. १९३८ चा जगज्जेता ‘ब्लूई’ विल्किन्सन याचं खरं नाव आर्थर. लाल केसांच्या माणसाला ऑस्ट्रेलियात ‘ब्लूई’ म्हणतात, म्हणून तो ब्लूई. बिली लॅमंटच्या मागं ‘सायक्लोन’, एल्डरच्या मागं ‘स्प्राउट्स’. जगज्जेत्यांची खरी नावं पुस्तकांतून मिळतात. तिसऱ्या श्रेणीतल्या एका लहान गावच्या संघाच्या राखीव स्वाराचं काय? वर्तमानपत्रं आडनावाची स्पेलिंगं मनाला येतील तशी छापीत. त्यातून बाईंच्या वडिलांचं आडनाव आपल्याकडच्या पाटील-जाधवांसारखं, पैशाला पासरी.

इथं मात्र माझा थोडा उपयोग झाला. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला असं नव्हे, हे बँकेत पहिल्या वर्षीच शिकवतात. एका संग्राहकाकडं त्याच आडनावाच्या स्वाराची पुस्तिका मिळाली आणि तिच्या मुखपृष्ठावर कुणा मुलासाठी केलेली त्या स्वाराची सही होती. मी बाईंना म्हणालो, ‘वडिलांची सही असलेला एखादा कागद शोधा.’ त्यांनी घर पालथं घातलं आणि स्वतःचं शाळेतलं प्रगतिपुस्तक काढलं. ‘गणितात लक्ष देणे आवश्यक’ या शेऱ्याखाली पालकाची सही. दोन्ही कागद मी खिडकीपाशी नेले आणि नमुना सही पडताळायच्या सवयीनं पाहू लागलो. पहिल्या अक्षराची वर चढणारी कमान, मध्येच उचललेलं पेन, शेवटी खालच्या दिशेनं ओढलेली रेघ. सगळं जुळत होतं. असल्या सहीवर मी डोळे मिटून चेक पास केला असता. मी मान डोलावली. बाई खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पुढच्या सहा आठवड्यांत अकरा पुस्तिका जमल्या. गावच्या ग्रंथालयात जुन्या स्थानिक वर्तमानपत्रांचे मायक्रोफिल्म होते, त्यांतल्या बातम्यांशी आम्ही त्या ताडून पाहिल्या. एव्हाना बाईंच्या मनात वडिलांची एक मूर्ती उभी राहिली होती. नातवंडांना फोनवर सांगताना ‘तुमचे पणजोबा स्पीडवेचे स्वार होते’ यापासून ‘मोठे स्वार होते’ इथपर्यंत मजल दोन आठवड्यांतच गेली होती. त्यांना दोष कसा द्यावा? आपल्याकडंही आजोबा गांधीजींच्या सभेला गेले होते, एवढ्यावरून नातू त्यांना गांधीजींचे सहकारी करून टाकतो.

पेन्सिलीच्या नोंदी मात्र वेगळंच सांगत होत्या. अकराही पुस्तिकांत नाव छापलेलं. त्यांतल्या तीनमध्ये नावावर काट आणि वर दुसऱ्याचं नाव. उरलेल्या आठांत मिळून सोळा शर्यती. एकदा तीन, दोनदा दोन, चारदा एक. पाच शून्यं. दोनदा पडले, एकदा इंजिन बंद पडलं, एकदा बाद झाले. सोळा शर्यतींत अकरा गुण. मी बेरीज दोनदा तपासली. बाई बारीक आवाजात म्हणाल्या, ‘म्हणजे फारसे चांगले नव्हते.’

खरा धक्का यापुढचा होता. बाईंचा जन्म १९४८ चा. आई म्हणाली होती, ‘तुझ्या जन्माआधी.’ पण पाच पुस्तिका १९४९ आणि १९५० च्या होत्या. दोनदा पडल्याची नोंद होती तीसुद्धा १९५० मधली. बाईंचा चेहरा उतरला. मग त्या संतापल्या. ‘मी पाळण्यात होते आणि हा माणूस ब्रेक नसलेल्या गाडीवर बसत होता? आणि माझ्या भावाला साधी मोटारसायकल घेऊ दिली नाही?’ त्यांचा राग खोटा नव्हता. या खेळात माणसं मेली आहेत. दोनदा जगज्जेता झालेला पीटर क्रेव्हन सप्टेंबर १९६३ मध्ये एडिंबरोला, पुढं पडलेल्या स्वाराला चुकवताना कठड्यावर आदळला आणि चार दिवसांनी गेला. वय २९. अशा किती घरांत मुलांना वडील फक्त फोटोतून माहीत असतील. आपल्या वाट्याला तसं आलं असतं, हे सत्तर वर्षांनंतर कळलं तरी माणूस हादरतोच.

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. आईनं खोटं सांगितलं, की तिच्यापासूनच लपवलं गेलं, की एवढ्या वर्षांत तिच्या आठवणीतली सालं मागंपुढं झाली? शेवटच्या पुस्तिकेत नाव छापलेलं आहे, त्यावर पेन्सिलीची काट आहे आणि त्यानंतर ते नाव कुठंच नाही. का सोडलं, याची ओळ एकाही वर्तमानपत्रात सापडली नाही. बँकेत ज्या नोंदीचा उलगडा होत नाही ती ‘सस्पेन्स’ खात्यात टाकतात आणि उलगडा होईपर्यंत तिथंच ठेवतात. मी बाईंना हे समजावून सांगितलं. खोटी नोंद करून खातं जुळवण्यापेक्षा न जुळलेली रक्कम उघड दाखवणं हा प्रामाणिक हिशेब असतो.

वडिलांच्या भूतकाळाच्या शोधाला निघणाऱ्या प्रत्येकानं ही तयारी ठेवायला हवी, असं मला त्या उन्हाळ्यात वाटलं. आपण शोधायला निघतो ते बहुधा विजेता शोधायला. जगज्जेत्यांचं काही अडत नाही, त्यांची नोंद शंभर ठिकाणी होते. अर्थात त्यातही नशीब लागतं. १९३६ च्या त्या पहिल्या जागतिक अंतिम स्पर्धेत विल्किन्सन पाचही शर्यती जिंकला, पूर्ण १५ गुण मिळवले आणि तरी तिसरा आला! कारण आधीच्या फेऱ्यांमधले जादा गुण त्यात मिळवायचे होते, आणि मागील शिल्लक धरून व्हॅन प्राग आणि लँगटन त्याच्या पुढं निघाले. दोघांचे गुण समान झाले, तेव्हा पुन्हा शर्यत होऊन व्हॅन प्राग पहिला जगज्जेता ठरला. त्या रात्री आपण काहीच हरलेलो नाही, मग हरलो कसे, असा प्रश्न विल्किन्सनला पडला असेल तर नवल नाही.

पण बहुतेकांचे वडील व्हॅन प्राग नसतात, विल्किन्सनही नसतात. ते राखीव स्वार असतात. कुणी दुसरा पडला तर त्यांना संधी मिळते. सोळा शर्यतींत ते अकरा गुण मिळवतात आणि एके दिवशी काही न बोलता लोखंडी बूट दाराला टेकवून डेपोत कामाला जातात. त्यांचं शून्य हे आपण अपयश म्हणून वाचतो. त्या शून्याचा हिशेबी अर्थ असा आहे, की हा माणूस त्या संध्याकाळी मैदानात उतरला, चार फेऱ्या पुऱ्या केल्या आणि शेवटी आला. न उतरणाऱ्याच्या नावापुढं शून्यसुद्धा नसतं, तिथं काट असते. हे मी बाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी पुस्तिका पुन्हा उघडल्या आणि पाच शून्यं एकेक करून बोटानं मोजली.

आता थोडं आपल्याकडं येतो, कारण परतीच्या विमानात मी याच विचारात होतो.

आपल्या जत्रांमध्ये ‘मौत का कुआँ’ असतो. लाकडी फळ्यांचा तो उंच पिंप, आतल्या उभ्या भिंतीवरून गरगरणारी मोटारसायकल, आणि वरून झुकलेल्या लोकांच्या हातातली नोट चालत्या गाडीवरून खेचून घेणारा स्वार. आपण सगळ्यांनी लहानपणी तो छाती धडधडत पाहिला आहे. त्यातल्या एका तरी स्वाराचं नाव आपल्याला ठाऊक आहे का? तिकिटावर नाव नसे, फलकावर नाव नसे. त्या स्वारांनाही मुलंबाळं असतील. ती आज शोधायला निघाली तर त्यांना काय मिळेल? पेन्सिलीचं शून्यही नाही. कुस्तीच्या फडांचं, भजनी मंडळांच्या स्पर्धांचं, गावच्या नाट्यमहोत्सवांचं, गिरणीतल्या कामगारांच्या क्रीडासामन्यांचं, सगळ्यांचं तेच. बक्षीस समारंभाला पाहुणे कोण होते याची नोंद इतिवृत्तात सापडते. तिसऱ्या डावात कोण बाद झाला, याची नाही.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. माझे वडील तालुक्याच्या गावी शाळेत कारकून होते. अबोल, वेळेचे पक्के, अंगानं किडकिडीत. त्यांना मांडी घालून बसता येत नसे. पंगतीला त्यांच्यासाठी वेगळा पाट मांडत. गुडघ्याचा वात, असं आई सांगे आणि आम्हीही तेच धरून चाललो. ते गेले तेव्हा तेराव्याला त्यांच्या मूळ गावचा एक म्हातारा आला होता. जेवणानंतर पान जुळवता जुळवता तो मला म्हणाला, ‘तुझा बाप हुतूतूत चढाईला गेला की पलीकडची पोरं मागं सरायची. दम असा लांब धरायचा, की बघणाऱ्याचाच श्वास कोंडायचा. त्या सामन्यात चौघांनी धरून पाडला, तवापासनं त्यो गुडघा गेला.’ मी विचारलं, ‘कुठल्या सामन्यात? कधी?’ तो म्हणाला, ‘गांधीवधाच्या आदल्या साली. पण आपणच जिंकलो हां!’ एवढं बोलून तो एस. टी. पकडायला उठला. पुन्हा भेटू, सगळं नीट विचारू, असं मी मनाशी ठरवलं. मार्चअखेर होती, बँकेत क्लोजिंग चालू होतं. पुढं वर्षभरात तोही गेला.

तो सामना कुणाशी झाला, कुठल्या मैदानावर, वडील किती गडी मारून आले, हे मला आता कधीच कळणार नाही. एखाद्या शाळकरी पोरानं पाटीवर का होईना, गुण लिहिले असतील. पाटी पुसली गेली. चाळीस वर्षं ज्या पाटावर वडील पाय लांब करून जेवायला बसले, तो पाट रोज माझ्यासमोर होता. तो कशासाठी आहे, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही. दाराला टेकवलेल्या लोखंडी बुटाबद्दल शेजारच्या बाईंनी विचारलं नाही, तसंच.

यावर उपाय मोठा नाही आणि खर्चाचाही नाही. आपल्या गल्लीतल्या मंडळानं, शाळेनं, क्लबानं खेळणाऱ्या प्रत्येकाचं नाव आणि त्यानं केलेल्या प्रत्येक शून्याची नोंद एका वहीत ठेवावी आणि ती वही रद्दीत देऊ नये. आणि घरात आईवडील असतील तर आज संध्याकाळी चहाच्या वेळी त्यांना विचारावं, ‘आमच्या जन्माआधी तुम्ही काय करत होता?’ बहुतेक ते म्हणतील, ‘काही विशेष नाही.’ तिथं थांबू नये. घरातली एखादी वस्तू हातात घेऊन पुन्हा विचारावं. सांगतील ते कागदावर उतरवून खाली तारीख घालावी.

लंडनमध्ये वेस्ट हॅम संघाचं मोठं मैदान होतं. ते १९७२ साली बंद झालं आणि तिथं घरं बांधली गेली. त्या वस्तीतल्या रस्त्यांना जुन्या स्पीडवेच्या माणसांची नावं दिली आहेत. हॉस्किन्स, विल्किन्सन, क्रूम्ब्ज. परतताना आम्ही लंडनला दोन दिवस थांबलो होतो, तेव्हा मी मुद्दाम तिथं गेलो. विल्किन्सन रोडवर एक बाई दुकानातून सामान घेऊन येत होती. तिला विचारलं, हा विल्किन्सन कोण? तिनं खांदे उडवले, म्हणाली, ‘असेल कुणीतरी नगरसेवक.’ नोंद असली तरी ती वाचणारं माणूस लागतं, हेही खरं.

मँचेस्टरच्या बाई नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेल्या. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी अकरा पुस्तिका आणि ते प्रगतिपुस्तक एका खोक्यात भरलं आणि झाकणावर पेन्सिलीनं ‘बाबा : १६ शर्यती, ११ गुण’ असं लिहिलं. लोखंडी बूट मात्र खोक्यात ठेवला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, ‘नव्या घराचंही दार आपटतं.’